दादांनी शिकवलेलं थांबणं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या माझ्या कापडाच्या दुकानाचं शटर ओढत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता घाई करू नका…" आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. तासाभरापूर्वी मी दादांना सांगितलं होतं की मी अर्ध्या रस्त्यात आहे. ही गोष्ट दीड महिना मी घरातसुद्धा कुणाजवळ बोललो नाही. लिहायला बसलो तो दादांविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून. पण काहीही लिहायला घेतलं की हेच आडवं येतं. म्हणून आधी हेच सांगितलं.

दादा माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. देडतलाई गावच्या शाळेत खेळाचे मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहून कापूस करत होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता. मैदानावर दोनशे पोरं असली तरी एकदाच बोलायचे आणि मग गप्प उभे राहायचे. माझी मुलगी इंदूरला शिकायला गेली आणि घर सुनं वाटायला लागलं, तेव्हा मी एक भुरकट पिल्लू आणलं. नाव भुऱ्या. पंधरा दिवसांत त्यानं तीन चपला आणि एका साडीचा पदर खाल्ला. मी दादांना फोन करून म्हणालो, "दादा, हे काही ऐकतच नाही."

"तू ऐकण्यासारखं काय बोलतो त्याला?"

"बैस म्हणतो. थांब म्हणतो."

"किती वेळा म्हणतो?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "घेऊन ये इकडे. त्याच्याबरोबर तुझीबी शाळा घेतो."

भुऱ्या तीन महिने त्यांच्याकडे राहिला. मी दर रविवारी जायचं ठरलं होतं, गेलो मात्र पाच-सहा वेळाच. अंगणात सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, एवढीच शाळा. खिशात शिळ्या भाकरीचे तुकडे. भुऱ्या बसला की तळहात त्याच्यापुढे धरून "थांब" म्हणायचं, एक पाऊल मागं जायचं, लगेच परत यायचं, तुकडा द्यायचा आणि म्हणायचं "छुट्टी!" तो शब्द ऐकला की भुऱ्या अंगणभर सुसाट पळायचा. एका पावलाची दोन पावलं झाली, मग पाच, मग गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत. तो मध्येच उठला तर दादा रागवत नसत. नुसते परत जाऊन त्याला पहिल्या जागी बसवायचे आणि पावलं कमी करायचे. म्हणायचे, "चूक आपली आहे, आपण जास्त मागितलं."

मला जमत नव्हतं. मी लांबूनच "छुट्टी" ओरडायचो. दादा वैतागायचे. "अरे, चालत जा त्याच्यापर्यंत! लांबून सोडलं तर ते थांबत नाही, पळायच्या तयारीत बसतं." एकदा मी त्याला "थांब" सांगितलं आणि तेवढ्यात दुकानातून फोन आला. मी बोलत राहिलो, भुऱ्या कंटाळून उठला आणि कोंबड्यांच्या मागं लागला. मी त्याच्यावर ओरडलो. दादांनी मला थांबवलं.

"त्याला काय ओरडतो? थांबवलं कोणी?"

"मी."

"सोडायचं कोणी?"

मी फोन खिशात टाकला.

"तू विसरला. मग त्यानं स्वतःच ठरवलं, बरोबर केलं त्यानं." मग वहिनींकडे बघून म्हणाले, "याच्यापेक्षा पिल्लू हुशार आहे, हो की नाही?" वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "पिल्लाला दुकान नाही ना." तिघंही हसलो.

दादा गेले त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. छातीत कसंतरी होतंय, बुऱ्हाणपूरला दाखवून घेऊ म्हणतो, बसनं निघतो. मी म्हणालो, "बसनं नका येऊ. थांबा तिथंच, मी गाडी घेऊन येतो." दीड तासाचा रस्ता. मी निघतच होतो. तेवढ्यात लग्नाचं गिऱ्हाईक आलं, सहा बायका, सगळ्या गाद्यांवर साड्या पसरल्या. दादांचा पुन्हा फोन आला, "निघाला का?" आणि मी, हातात मोजपट्टी, गळ्यापर्यंत गिऱ्हाईक, सहज म्हणालो, "अर्ध्या रस्त्यात आलो, दादा." आपल्याकडे सगळेच असं म्हणतात. दुकानात बसून रस्त्यात आहे म्हणायचं, कुणाला त्यात खोटं वाटत नाही… दादांच्या शेजारचा जीपवाला त्याच वेळी बुऱ्हाणपूरला निघाला होता. चला म्हणाला. दादांनी त्याला परत पाठवलं, भाऊ अर्ध्या रस्त्यात आहे म्हणून. हे मला त्यानंच तेराव्याच्या दिवशी सांगितलं. त्याला वाटलं, दादांचा माझ्यावर एवढा भरवसा होता हे ऐकून मला बरं वाटेल.

भुऱ्याला मी घरी आणलं. माझं कुठंच लक्ष लागत नव्हतं. दुकानात बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जायचं ते कळायचं नाही. एका दुपारी मागच्या दारात भुऱ्याला "थांब" म्हणालो, आत पाणी आणायला गेलो आणि फोनवर बोलत पुढच्या दारानं दुकानात निघून गेलो. संध्याकाळी परतलो तर तो तिथंच बसलेला. ऊन सरकून त्याच्या अंगावर आलं होतं. जीभ बाहेर, पाय थरथरत होते, खाली फरशी ओली. मला बघून त्यानं शेपूट हलवलं, पण उठला नाही. दादांनी त्याला पूर्ण शिकवलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, आणि कितीतरी वेळ मला तो एक शब्द उच्चारता येईना.

दुसऱ्या दिवशी देडतलाईला गेलो. वहिनी सरकी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मी निघालो नव्हतो, वहिनी. मी दुकानात होतो."

त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला माहीत होतं. फोनमधून बायकांचा आवाज येत होता, निळी दाखवा, निळी दाखवा म्हणून. मी ह्यांना म्हटलं, भाऊजी दुकानातच दिसतात. तर म्हणे, असं कसं, त्यानं सांगितलंय ना."

 मला माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत आणि जा असंही नाही. चहा दिला.

आता मी दर रविवारी भुऱ्याला घेऊन जातो. फोन करतो, अकराला येतो म्हणून, आणि अकराला पोचतो. पण दाराला कडी असते. वहिनी शेतात गेलेल्या असतात. पहिल्यांदा मी विचारलं, "वहिनी, मी सांगितलं होतं ना, अकराला येतो?" डोक्यावरचं गाठोडं उतरवत त्या सहज म्हणाल्या, "हो, सांगितलं होतं. पण कापूस फुटलाय, भाऊजी. तुमच्यासाठी कशाला बसून राहू?"

मी ओट्यावर बसतो. भुऱ्या अंगणात हिंडतो, मी त्याला काही सांगत नाही. वहिनी कधी बाराला येतात, कधी दोनला.