अर्धी दाढी आणि शंभर टक्के

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साचतात: पोलादाच्या कतरणी आणि किस्से. कतरणी दर शुक्रवारी ट्रक घेऊन जातो. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून ते माझ्यापाशी पडून आहेत. आणि मी पडलो काळजीखोर माणूस! बाकीच्यांना ज्याचं हसू येतं, ते घडत असताना माझ्या पोटात गोळा आलेला असतो. हसू मला नंतर येतं, कधी कधी वर्षभराने.

कारखाना दाढीच्या पात्यांचा. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गहून ट्रेनने चाळीस मिनिटांवर, छोट्याशा गावात. मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर. भोसरीत सात वर्षं काढली आणि इथे डेव्हलपमेंटमध्ये आलो. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे तोवर कंपनी कधीही ‘धन्यवाद’ म्हणू शकते. खालचे सगळे किस्से त्याच सहा महिन्यांतले आहेत. यावरून माझ्या तब्येतीची कल्पना यावी.

*

आमच्याकडे पुरुष दाढी न करता कामावर येतात. ती कामावरच करायची असते! आरशांच्या सहा खोल्या आहेत. डाव्या गालावर एक पातं, उजव्या गालावर दुसरं. एक आपलं, एक दुसऱ्या कंपनीचं. मग फॉर्म भरायचा: ओढ किती बसली, आग किती झाली.

माझा दुसराच दिवस. डावा गाल संपला, उजव्यावर फेस, आणि फायर अलार्म वाजला. ड्रिल होतं, पण नियम म्हणजे नियम. आम्ही सहाजण अर्ध्या दाढ्या घेऊन पार्किंगमध्ये उभे. समोर पोस्टमन. आणि समोरून आमच्या बॉस, फ्राउ फोग्ट, म्हणजे फोग्टबाई. त्यांना मी इंटरव्ह्यूनंतर पहिल्यांदाच भेटत होतो. हात पुढे करू की फेस पुसू, मला कळेना.

त्यांनी माझा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि विचारलं, “आपलं पातं कुठल्या गालावर?”

“डाव्या,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या, “मग अजून काम आहे.”

*

सोमवारच्या टेस्टसाठी शुक्रवारपासून दाढी वाढवावी लागते. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल. “नीलेश, अरे चेहरा किती उतरलाय! नोकरी गेली का?”

“नाही गं, उद्या ऑफिसात करायचीय दाढी.”

“उद्या? उद्या अमावास्या आहे! काही झालं तरी उद्या नाही लावायचं पातं.”

मी पडलो कात्रीत. अंधश्रद्धाळू मी नाही, पण प्रोबेत्साइट चालू असताना कशाला परीक्षा बघा! टेस्टचं वेळापत्रक हेर ब्रुनर, म्हणजे ब्रुनरसाहेब, सांभाळायचे. ते आमच्या टूलरूमचे म्हातारे कारागीर. चाळीसहून जास्त वर्षं इथेच, आणि माझ्या प्रोबेत्साइटच्या शेवटी शेवटी रिटायर होणार होते. मी त्यांना चाचरत विचारलं, माझी पाळी मंगळवारी ढकलता येईल का. कारण विचारलं तर काय सांगायचं, ते घरून पाठ करून आलो होतो. दाताचं.

“कारण?” ब्रुनर म्हणाले.

आणि माझ्या तोंडून खरंच निघून गेलं. “चंद्र.”

ब्रुनर हसले नाहीत. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. “माझी आजी चंद्र बघितल्याशिवाय कुणाच्या केसांना कात्री लावू द्यायची नाही. तुमच्याकडे कॅलेंडर आहे का?”

होतं. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं. आज आमच्या खात्यातले तिघेजण मी दिलेल्या तिथीला केस कापतात!

*

एकदा भारतातून पाहुणे आले, नागपूरचे डीलर. त्यांना कारखाना दाखवायचं काम अर्थातच माझ्यावर. मी माहितीपत्रक पाठ केलं. दालनात पहिलंच जुनं ग्राइंडिंग मशीन, त्यावर संस्थापकांचं तैलचित्र. ‘संस्थापकांनी हे यंत्र घडवलं,’ मी सुरू केलं. मागे फ्राउ फोग्ट उभ्या.

नागपूरकर काका चित्राकडे टक लावून बघत होते. “काय हो, ह्यांची दाढी तर छातीपर्यंत आहे!”

होती. इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“म्हणजे ह्यांनी आपलं पातं कधी वापरलंच नाही. मग मशीन तरी ह्यांनीच बनवलं कशावरून?”

मी प्रश्न जर्मनमध्ये केला. मी सोबत आलेल्या ब्रुनरकडे पाहिलं. ते पुढे आले आणि बोलू लागले. मी भाषांतर करत होतो, एक डोळा बॉसकडे ठेवून. ते म्हणाले, “दाढीचा रेझर एकाने शोधलेलाच नाही. एका फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकूड बसवलं, कातडी कापू नये म्हणून. एका इंग्रजाने त्याला कुदळीसारखा दांडा दिला. अमेरिकेत गेलेल्या जर्मन भावांनी जाळी लावली. मग फेकून देता येईल असं पातळ पातं कुणाच्या तरी डोक्यात आलं. पण तेवढ्या पातळ पोलादाला धार लावणारं यंत्र त्याला जमेना. ते केलं दुसऱ्याच एका इंजिनियरने. पाकिटावर चेहरा मात्र पहिल्याचा.”

“आणि हे मशीन?” काकांनी विचारलं.

“इथल्याच एका फोरमननं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही.”

मी तेवढं भाषांतर गिळून टाकणार होतो. मागून फ्राउ फोग्ट म्हणाल्या, “तेही सांग.”

*

चौथ्या महिन्यात माझी झोप उडाली. नवीन पात्याची पट्टी इतकी पातळ होती, की धार लावताना थरथरायची. धार दातेरी यायची. मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशनं केली, आधाराच्या पट्ट्या बदलल्या, वेग बदलला. तीन आठवडे! थरथर जाईना. फ्राउ फोग्ट रोज ‘कसं चाललंय?’ विचारायच्या आणि मला वाटायचं, आता ‘धन्यवाद’ म्हणतील.

एके दिवशी ब्रुनर ब्रेड खात माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी ब्रेड खाली ठेवला, हात पुसले, पट्टी दोन बोटांत धरून किंचित वाकवली.

“सरळ धराल तर थरथरणारच. अशी धरा.”

मी फिक्श्चर, म्हणजे पट्टी धरून ठेवणारा साचा, बदललं. धार आरशासारखी! मी इतका मोठ्याने ओरडलो, की आरशांच्या खोल्यांतून दोघे फेस लावलेले धावत आले.

*

इथून माझ्या मूर्खपणाचा किस्सा. जर्मनीत कामगाराला काही नवीन सुचलं, तर त्याने कंपनीला एर्फिंडुंग्समेल्डुंग द्यायची, म्हणजे लेखी कळवायचं की हा शोध लागला आणि तो कुणाकुणाला लागला. पुढे पेटंटवर तीच नावं जातात. चाचण्या संपल्यावर, सहाव्या महिन्यात, मी बसल्या बैठकीला फॉर्म भरला. शोधकर्ते: फ्राउ डॉ. फोग्ट. त्याखाली मी.

भोसरीत सात वर्षं मी हेच केलं होतं. रिपोर्ट कसलाही असो, साहेबांचं नाव आधी. आणि टूलरूमचं नाव? ते कधी कुणी घातल्याचं मी पाहिलंच नव्हतं.

फ्राउ फोग्टनी मला बोलावलं आणि दार लावलं. जर्मनीत दार लावलं, की समजावं!

“यात मी काय शोधलं?”

“तुम्ही... आधार दिलात.”

“मला ही खुर्चीसुद्धा आधार देते. तिचं नाव कुठे आहे?”

मी खुर्चीकडे पाहिलं.

“आणि पट्टी कुणी वाकवली?”

त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती आजही वाटते. त्या माणसाच्या दोन बोटांतून आलेली गोष्ट मी माझ्या नावावर लिहिली होती, आणि तीही वाईट हेतूने नाही, सवयीने. ते जास्त वाईट.

“फॉर्म शुक्रवारी वकिलाकडे जाणार,” त्या म्हणाल्या. “ब्रुनरचा शेवटचा दिवसही शुक्रवारच. एकदा ते गेले की नाव राहिलं ते राहिलं. तूच सांग त्यांना.”

*

सोमवारी मी ब्रुनरच्या टेबलाशी गेलो. एक स्क्रू मागून घेऊन परत आलो. मंगळवारी पुन्हा गेलो, पुन्हा स्क्रू. घरी माझी बायको मानसी वैतागली. “अरे, माणूस चिडेल, ओरडेल, फार तर बोलणार नाही! पण शुक्रवार गेला तर तू जन्मभर कुढत बसशील, आणि ते मला ऐकावं लागेल.”

बुधवारी तिसरा स्क्रू हातात आला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ब्रुनरनी चष्मा काढला. “माहीत आहे. तुमचा फॉर्म गेल्या गुरुवारी प्रिंटरवर पडला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही येता का ते बघत होतो.” त्यांनी हात पुढे केला. “आता माझे तीन स्क्रू परत द्या.”

*

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं बसलो. नवीन फॉर्ममध्ये प्रत्येक शोधकर्त्याचा वाटा टक्क्यांत लिहावा लागतो, बेरीज बरोबर शंभर. फ्राउ फोग्ट म्हणाल्या, “दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, मग जुळवू.”

मी लिहिलं: ब्रुनर सत्तर, मी तीस. तरी वाटत होतं, त्यांचं कमी तर लिहीत नाही ना? ब्रुनर खूप वेळ लिहीत होते.

त्यांच्या कागदावर होतं: नीलेश तीस. ब्रुनर वीस. खाली तिसरं नाव. फ्राउ आल्मा हुबर. काम: पॅकिंग. पन्नास.

“ही कोण?” फ्राउ फोग्टनी विचारलं. “आपल्याकडे हुबर कुणी नाही.”

“मी शिकाऊ होतो तेव्हा होती,” ब्रुनर म्हणाले. “पट्टी तपासायला उजेडात धरायची. आम्ही सरळ धरायचो, आमची थरथरायची. ती वाकवून धरायची. मला तिने शिकवलं. धार लावताना वाकवायची, हे माझं आणि नीलेशचं. पण वाकवायची, हे तिचं.”

मी घड्याळ पाहिलं. दुपारी फॉर्म वकिलाकडे जाणार, हे नवीनच नाव, सगळं अडकणार!

“पण प्रत्येकाची सही लागते,” फ्राउ फोग्ट म्हणाल्या. “पत्ता आहे का तुमच्याकडे?”

ब्रुनरनी कागद परत ओढला. ड्रॉइंगवर लिहावीत तशी सुबक अक्षरं काढत नावापुढे पत्ता लिहिला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. गावची दफनभूमी. डावी भिंत, सातवी ओळ, बर्चच्या झाडाखाली.

फ्राउ फोग्टनी ते दोनदा वाचलं. पेन उचललं. मी बघत होतो, कुठे रेघ मारतात.

त्यांनी रेघ मारली नाही. ब्रुनरकडे बघून विचारलं, “पन्नास पुरेत?”