कंडक्टरबाईंचं बिडाचं भांडं

नोकरीत असेतो कंडक्टरबाई कधी बसून जेवल्या नाहीत. डेपोच्या पत्र्याखाली उभं राहायचं, खांद्यावरची तिकिटांची पिशवीसुद्धा न काढता डब्यातलं गार अन्न घशाखाली ढकलायचं आणि ड्रायव्हरने हॉर्न मारला की घोटभर पाणी पीत पळायचं. पित्ताने पोटाची पार चाळण झाली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. बाईंनी ते तिथल्या तिथे ड्रायव्हरला देऊन टाकलं आणि घरी येऊन स्वतःशीच ठरवलं, की आता उभ्याने जेवायचं नाही, गार जेवायचं नाही आणि दुसऱ्याच्या घाईने तर मुळीच जेवायचं नाही.

पण रांधायचं काय? जन्मभर त्यांनी डबा तेवढा भरला होता. स्वयंपाक शिकवला तो इमारतीखालच्या बेकरीवाल्याने. तरुणपणी हा गडी जहाजावर एका फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली राबलेला.

"फ्रेंच म्हटलं की लोकांचे डोळे पांढरे होतात," तो म्हणायचा. "चांदीचे काटे, पाच तऱ्हेचे ग्लास! आमचा आचारी सुट्टीत घरी गेला की काय खायचा ठाऊक आहे? कांदा, गाजर, बटाटा, एखादी कोंबडी. आणि घाई नाही. एवढाच काय तो थाट."

घाई नाही, हे ऐकूनच बाई त्या स्वयंपाकाच्या प्रेमात पडल्या. लोण्यावर कांदा टाकायचा आणि तो मधाच्या रंगाचा होईपर्यंत आच वाढवायची नाही, म्हणजे नाही. हात कितीही शिवशिवला तरी. मग त्यात हाडांचं पाणी, वर शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर किसलेलं चीज. एखाद्या दिवशी नुसतं ऑम्लेट, पण मध्ये ओलसर राहिलेलं, आणि शेजारी हिरवी पानं. त्या पानांना तेल, व्हिनेगर आणि बोटभर मोहरीची पेस्ट चोळायची. पान मांडायचं, खुर्ची ओढायची, बसायचं. वर्षभरात पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या.

"तब्येत सुधारली तुमची," समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या. "बेकरीवाल्याचा गुण दिसतोय."

"त्याचा नाही, त्याच्या कांद्याचा," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला नाकाने वास मिळतोच आहे, मग तोंडाला त्रास कशाला देता?"

हे मास्तरीणबाईंनी जपून ठेवलं असावं.

त्या दिवशी बाईंनी बिडाच्या मोठ्या भांड्यात कोंबडी, गाजरं, सलगम आणि तमालपत्र घातलं, पाणी ओतलं आणि आच इतकी लहान केली की ज्योत दिसावी म्हणून वाकून बघावं लागे. झाकण ठेवलं, कुलूप लावलं आणि खाली पाव आणायला गेल्या. पाव भट्टीतून निघायचा होता, तेव्हा गप्पा लांबल्या. इकडे मास्तरीणबाईंनी गॅलरीतून आत बघितलं. घराला कुलूप, शेगडी चालू! त्यांनी बाईंच्या मुलाला फोन लावला. तो ऑफिस टाकून धावत आला. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती.

बाई पाव काखेत धरून वर येतात तर दार सताड उघडं, आच बंद, आणि मुलगा कपाळाला हात लावून खुर्चीत.

"आई, गॅस चालू ठेवून गेलीस तू!"

"ठेवूनच गेले. विसरून नाही."

"कुलूप लावून?"

"अरे, ते शिजायला अख्खी सकाळ लागते. तोवर मी काय भांड्याला वारा घालू?"

"मागे दूध जाळलंस."

"दूध विसरले, ते कबूल आहे. पण हे मी विसरले नाही. तू आच बंद केलीस, आता ती कोंबडी चिवट होणार."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं घर गेल्याच वर्षी असं जळून खाक झालं होतं, आणि तो रात्रंदिवस आईच्याच घराचा विचार करी. बाईंना ते कळत होतं. म्हणून त्या म्हणाल्या, "बरं, यापुढे शेगडी चालू असताना घर सोडणार नाही. झालं समाधान?"

झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून आणि एक गॅसवाला, अशी वरात दारात उभी राहिली. सुनेने समजूत घातली, "आई, रोज डबा येईल. कमी तेलाचा, कमी मिठाचा. तुम्ही फक्त गरम करायचा."

"कोणी बनवलाय?"

"कंपनी आहे एक."

"डब्यातलं मी जन्मभर खाल्लंय," बाई म्हणाल्या आणि शेगडीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

गॅसवाला चुळबुळला. "आजी, जरा सरकता का?"

"आजी तुझ्या घरी! आणि सरका म्हणायचं काम माझं होतं, तुझं नव्हे."

त्याला हसू फुटलं, पण काम कोणी थांबवलं नाही. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, मला झोप लागत नाही गं."  त्या बाजूला झाल्या. शेगडी गेली, नळीच्या तोंडाला बूच बसलं. ओट्यावर चौकोनी स्वच्छ डाग तेवढा राहिला.

डबा आला. बाईंनी उघडला. सगळं एकाच रंगाचं, एकाच चवीचं. दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि जिना उतरून बेकरीत गेल्या.

"शेगडी नेली माझी."

बेकरीवाला पीठ मळत होता. त्याने हात थांबवला नाही. "आमच्या आचाऱ्याच्या गावात," तो म्हणाला, "कपडे धुवायच्या दिवशी बायका घरी चूल पेटवत नसत. भांडं भरून पाववाल्याकडे ठेवून जात. पाव निघाला तरी भट्टी लगेच थोडीच निवते?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुमच्याकडे शेगडी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भांडं घेऊन निघाल्या. आत मटण, बटाट्याच्या चकत्या, कांदे. वाफ जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेने कणकेची वळी लावलेली. बिडाचं धूड पोटाशी धरून एकेक पायरी उतरताना त्यांना धाप लागत होती. मास्तरीणबाई दारात उभ्या.

"अगंबाई, निघालात कुठे संसार घेऊन?"

"बेकरीत! सगळ्या मजल्यांना सांगा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही."

"या वयात लोक काय म्हणतील?"

"तुम्ही काय म्हणाल ते म्हणा ना. लोकांना कशाला मध्ये घालता? आणि तिथे विस्तवापाशी दिवसभर जागता माणूस बसलेला असतो, हेही फोनवर सांगा."

दुपारी भांडं वर आलं. कणकेची वळी सुरीने फोडली तशी वाफ उसळली. मटण हाडापासून आपसूक सुटत होतं. बाईंनी पान वाढून घेतलं आणि खुर्चीवर टेकतात तोच फोन वाजला. मुलगा.

"आई, डबा परत का पाठवलास?"

"मी जेवतेय."

"काय जेवतेस? शेगडी तर..."

"शेगडी नाहीच. येऊन बघ. ओट्यावर तुझं बूच आहे, काडेपेटीसुद्धा नाही घरात. आता तुला झोप लागायला हरकत नाही."

 मुलाने हळूच विचारलं, "म्हणजे शिजवलंस कुठे?"

"रविवारी या दोघं. काढून न्यायला काही उरलेलं नाही, तेव्हा मोकळ्या हातांनी या. आणि फोन ठेव आता, माझं पान गार होतंय."

तो आणखी काही बोलत होता. बाईंनी फोन ठेवला आणि पावाचा तुकडा मोडून रश्शात बुडवला.