कोंब आलेला गहू

गोदामाच्या फाटकापाशी माझ्यासमोर शेवंतामावशी सांडलेला गहू पाखडत होत्या. झाडलोट करणारीने सांडलेले दाणे न्यायचे, ही इथली जुनी रीत. यंदा गहू इतका पिकला की पोती उघड्यावर राहिली, भिजली, त्यांना कोंब फुटले.

रखवालदार ओरडला, "मावशी, दाणा न्यायचा नाही. साहेबांचा नवा हुकूम आहे."

"तुझ्या साहेबांनी पोत्यातच शेत लावलंय आणि मला चार मुठी नाहीत? घरी पीठ संपलंय रे."

त्याने सूप हिसकून कुजक्या गव्हाच्या ढिगावर ओतलं.

पीक वाढलं की जगातली भूक हटेल, असं सांगणारी पत्रकं मी गावोगाव वाटली होती. ती छापणाऱ्यांनी मला फसवलं, आणि मी मावशींसारख्यांना.

मावशींनी रिकामं सूप झटकलं. मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी अजून पिकणार म्हणे?"