माहेरचे मुनवे

भाताचं एक बरं असतं. कापलं की सुटका. केळीचं काही संपतच नाही. एक झाड पाडावं तर बुंध्याशी तीन मुनवे, म्हणजे नवे कोंब, डोकं वर काढून उभे. कंदात किडा, पानावर करपा, वाऱ्याने मोडलेले घड, हे सगळं निस्तरत मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिरुवैयारूजवळच्या आमच्या दीड एकरात राबतो आहे. कंटाळलो आहे. पूर्वी तो कंटाळा लपवायचो, आता तेवढीही हौस उरली नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकीनं घर बांधलं किंवा रान घेतलं की केळीचे मुनवे माहेरून जातात, तिनं ते विकत आणायचे नसतात. आणि माहेरून आलेलं परत पाठवायचं नसतं, मग ते लुगडं असो की चिखलानं माखलेला कंद. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून आम्ही पुष्कळ विसरलो, एवढं मात्र धरून बसलो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सत्तरीची आहे. भावोजींची नोकरी बदलीची. तिचं सगळं आयुष्य भाड्याच्या माड्यांवर गेलं. भावोजी गेल्यावर तिनं पापनाशमला एक लहानसं घर घेतलं आणि मागची थोडी जमीनही, ती केवळ रस्ताळी केळ्यांसाठी. पूवन केळं तिला आंबूस लागतं आणि बाजारची लांब हिरवी केळी ती फळांत धरतच नाही. जन्मभर डझनानं विकत आणली, आता आपल्या रानातला घड आपल्या घरात टांगायचा आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक फणी धाडायची, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या फाल्गुनात माझ्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात चार झाडं पिवळी पडली. आमच्याकडे वीस वर्षं जेवणाची पानं कापायला येणारा माणूस तिथे थांबला आणि एक बुंधा कापून बघू या म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. पाणी साचलंय, दुसरं काही नाही, म्हणालो. खरं सांगायचं तर कापायची मला भीती वाटत होती. आत तांबडं कडं दिसलं तर तो मर रोग. त्याला औषध नाही. झाड जातं ते जातंच, माती-पाण्याबरोबर रोग पसरतो, जमीनही बाटते, आणि रस्ताळीसारखी नाजूक जात तिथे पुन्हा तग धरत नाही.

अक्काचा रोज फोन, मुनव्यांचा टेम्पो कधी येतोय म्हणून. मी त्या कोपऱ्यापासून लांबचे, वरच्या अंगाचे चाळीस मुनवे काढवले, त्या कोपऱ्यात चाललेल्या त्याच कुदळींनी, आणि आपण केवढी काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूश झालो. चैत्रात तिनं ते लावले.

मग दर शुक्रवारी मोबाइलवर फोटो यायचा. खाली तमिळ अक्षरांत मराठी मजकूर: आज सातवं पान, आज माझ्या खांद्याएवढं. इकडे श्रावणापर्यंत माझ्या वरच्या अंगाचीही झाडं पिवळी पडली. आता मात्र मी कोयता घेतला आणि एक बुंधा कापला. तांबडं कडं होतं. तिला सांगायला हवं होतं. रोज फोन हातात घ्यायचो आणि पावसाचं, गुडघ्यांचं काहीतरी बोलून ठेवून द्यायचो. असा महिनाभर मी भित्र्यासारखा वागलो.

भाद्रपदात एक फोटो आला. झाडांची खालची पानं देठाशी मोडून बुंध्याभोवती लोंबत होती. खाली एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी पापनाशमला गेलो.

तिनं कॉफीसुद्धा विचारली नाही. सरळ मागे नेलं आणि कोयता हातात दिला. मी एक बुंधा आडवा कापला. तेच तांबडं कडं. मग तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, फाल्गुनातला कोपरा, पानं कापणाऱ्यावर केलेली चिडचिड, गेला महिना. ती मान खाली घालून ऐकत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

लावण्याआधी कंद तासून घ्यावे लागतात. ती स्वतः बसून तासत होती. सातआठ कंदांत तिला तांबडे ठिपके दिसले होते.

"मग लावलेस कशाला?" मी ओरडलोच.

"माहेरून आलेलं रे. परत कसं पाठवू? तुला किती वाईट वाटलं असतं."

मला तिचा इतका राग आला की कोयता फेकून दिला. शिकलीसवरली बाई, आणि माझं मन राखायला रोगट कंद पुरून बसली. मग लक्षात आलं की मीही तेच केलं होतं, आणि माझ्याजवळ तर रीतीचं निमित्तसुद्धा नव्हतं. लाज वाटली. फार थकल्यासारखं झालं.

पुन्हा कधी लावता येईल, तिनं विचारलं. दोनतीन वर्षं भात घेऊ, मग बघू, असं मी म्हणालो.

"खरं सांग."

"रस्ताळी या मातीत आता नाही, अक्का. आपल्या हयातीत नाही."

ती बांधावर बसली. पदरानं डोळे पुसले. तिच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरतं. त्याची रस्ताळी घडांनी वाकली होती, बुंध्यांना टेकू दिलेले होते. ती तिकडे बघत राहिली, मग उठली, फावडं घेतलं आणि चिखल ओढून पाणी जायची वाट बुजवून टाकली.

"त्याला जाऊन सांग," ती म्हणाली.

मी म्हणालो, संध्याकाळी त्याला घरी बोलावू, जरा बेतानं सांगू.

"आत्ताच जा. आणि पाय धुऊन जा. इकडली माती त्याच्या रानात नको."

तिनं कळशी आणली आणि माझ्या पायांवर पाणी ओतत राहिली. मी बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा काढला, चपला तिच्याकडेच ठेवल्या आणि रस्त्यानं वळसा घालून शेजाऱ्याकडे निघालो.