पहिला चोर मीच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी श्रावणमामांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच नाव घेतील. मामा आमच्या नात्यातले नव्हते. शेलूबाजारहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या हायस्कूलमध्ये ते शिपाई होते. लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा लोखंडी दांड्यानं बडवून ते शाळा भरवायचे नि सोडायचे, म्हणून सारं गाव त्यांना घंटीमामा म्हणायचं. त्यांची एक खोड होती. आधी स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय ते कोणाचीही टिंगल करत नसत.

मामा गाणी रचायचे आणि खंजिरीवर म्हणायचे. बुद्धजयंतीला आमच्या विहारासमोर, कोणाच्या लग्नात, कधी शाळेच्या स्नेहसंमेलनात. गाण्याचं पहिलं कडवं नेहमी स्वतःवर, दुसरं आपल्या गल्लीवर, आणि मग तिसरं मोठ्या माणसांवर. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरावर गोटा फेकाचा असन त आंधी आपल्या छपराचं कवेलू फोडा लागते, बाप्पू. मंग समोरचाही हासते. नाई त तो गोटाच उचलते."

माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. सातवीत असताना बाबा मलाही नेणार होते. गाडीत बोचकी चढली होती, मी वर बसलो होतो. मामा शाळेतून तसेच हातात दांडा घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, "याले खाली उतरव. हा गेला त माही घंटी आयकाले कोन राह्यते?" बाबा म्हणाले, "खाईन काय, झोपन कुठी?" मामा म्हणाले, "माह्या घरी. मामीचा सैपाक असाही वाईटच असते, वाटून खाऊ." मामींनी घरातून ओरडून उत्तर दिलं, "वाईट असते त ताटं चाटता कायले?" सगळे हसले आणि मी खाली उतरलो. बी.ए. होईपर्यंत दरवर्षी सहा महिने मी त्या घरात जेवलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी त्या हसण्यातून आली, असं मला अजून वाटतं.

मी बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो, तेव्हाची गोष्ट. वाशिमच्या एका मंडळानं गुणगौरव सोहळा ठेवला. शिक्षक, डॉक्टर, पैलवान अशा यादीत लोककलावंत म्हणून मामांचंही नाव आलं. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मंचावर मधल्या खुर्चीत आमच्या भागातले पुढारी बसले होते. त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणायचे. आमच्या गावच्या रस्त्याचं भूमिपूजन त्यांनी पाच वेळा केलं होतं. रस्ता आला नव्हता. शाल घेतल्यावर मामांना एक गाणं म्हणायला सांगितलं. मला त्यांनी आधीच पहिल्या रांगेत बसवून ठेवलं होतं. म्हणाले होते, "मोबाइलमंदी काढ. पन पुरं काढ बरं! माहा चोर पयले दिसला पाह्यजे."

मामांनी खंजिरीवर थाप मारली आणि सुरू केलं.

पयला चोर मीच बाप्पा, माह्या हाती घंटी
भूक लागली का पाच मिन्टं आंधीच शाळेले सुट्टी!

दुसरा चोर गल्ली आमची, मतापायी लुगडं नेसलं
इचाराच्या येळी सारं तोंड झाकून बसलं!

तिसरा चोर मंचावर हा, हार घालून आला
पाच डाव नारळ फुटला, रस्ता कुठी गेला?

हॉल हसून कोसळला. शिट्ट्या वाजल्या. भाऊसुद्धा हसले, खरंच हसले. त्यांनी उठून मामांच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "या घंटीवाल्यानं आज माही शाळा घेतली!" तो संपूर्ण प्रसंग माझ्या मोबाइलमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवायला घेतला. लांब होता. स्टेटसवर थोडंच मावत होतं. जास्त हशा कुठे आहे ते पाहिलं आणि तिसरं कडवं तेवढं कापून ठेवलं. भाऊंचं हसणं पुढे होतं, तेही कापलं गेलं. मला अभिमान वाटत होता. माझे मामा मोठ्या माणसाला भर सभेत कसे बोलले, हे माझ्या कॉलेजच्या मित्रांनी पाहावं, एवढंच डोक्यात होतं.

दुपारपर्यंत तो तुकडा माझ्या हातातून गेला होता. मी काढून टाकला, पण तोपर्यंत मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत तो फिरत होता. त्याखाली लोक लिहीत होते: शिपायानं भाऊला चोर म्हटलं, भर मंचावर म्हटलं. मग मामांची जात निघाली. मग आमची वस्ती निघाली. संध्याकाळी फाट्यावर टायर जळाले. मामांच्या फोटोला कोणीतरी चपलांची माळ घातली आणि त्याचाही व्हिडिओ आला. आमच्या गल्लीतल्या एका पोराला एस.टी. स्टँडवर अडवून, तू त्याच गल्लीतला ना, म्हणून कानाखाली मारलं. त्याचा कानाचा पडदा फाटला. त्याला हे गाणंसुद्धा माहीत नव्हतं.

भाऊंनी एक शब्द काढला असता तर हे थांबलं असतं. ते हसले होते, हे शंभर लोकांनी पाहिलं होतं. पण ते गप्प राहिले. त्यांचं हसणं कोणाच्याच मोबाइलमध्ये फिरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मित्राचा फोन आला की गाड्या निघाल्या आहेत. मी मोटारसायकल घेऊन शाळेत गेलो. मामा लिंबाखाली उभे होते. मी म्हटलं, "मामा, चला, मागच्या रस्त्यानं निघू." ते म्हणाले, "शाळा चालू हाये न बे. लेकरं कोनाच्या भरोशावर सोडू?" तेवढ्यात वळणावर धूळ दिसली. पंधरा-वीस मोटारसायकली असतील. मामांनी घड्याळ पाहिलं. सुट्टीला पाच मिनिटं होती. त्यांनी दांडा उचलला आणि घंटी दिली. गाण्यातली ती चोरी त्यांनी त्या दिवशी शेवटची केली. पोरं दप्तरं घेऊन मागच्या फाटकातून पळाली. शेवटची पोरगी बाहेर पडेपर्यंत ते बडवत राहिले.

मग ते लोक आत आले. काहींच्या हातात स्टम्प होते, एकाच्या हातात गाडीची चेन. त्यातल्या पाच जणांना मी ओळखत होतो. दोघं माझ्याच वर्गात होते. मामांनीच त्यांना पहिलीपासून... नाही, पाचवीपासून रोज घंटी देऊन वर्गात बसवलं होतं. पहिला फटका पोटरीवर बसला. मामा खाली बसले. त्यांची खंजिरी कोणीतरी शिपायाच्या खोलीतून आणली आणि टाचेनं फोडली. झांजांच्या चकत्या धुळीत उडाल्या. एक जण मोबाइल धरून म्हणाला, "माफी माग. भाऊचं नाव घेऊन माग."

मामा म्हणाले, "मांगतो बाप्पा. चालीत मांगू का?" आणि ते पहिल्या कडव्यापासून गायला लागले. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. घंटीच्या ओळीवर एक पोरगा फसकन हसला. मला वाटलं, सुटलो. हसणाऱ्या त्या पोराला शेजारच्यानं मागे ढकललं आणि मामांचं थोबाड फोडलं.

मग त्यांच्यातला मोठा पुढे झाला. त्यानं विचारलं, "तुह्यासारख्या म्हाताऱ्याले हे नेटवर टाकता येते का? कोनं टाकलं ते सांग. नाव सांग, तुले सोडतो."

मी मामांपासून तीन पावलांवर उभा होतो. माझी कॉलर एकानं पकडलेली होती, पण तो तुकडा टाकणारा मीच, हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पयला चोर मीच, बाप्पा. बाकीचे कायले मोजता?"

त्यांनी मामांचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि घंटीच्याच दांड्यानं बोटं ठेचली. एकदा नाही, चार वेळा. पहिल्या घावाला मामा ओरडले. दुसऱ्यापासून आवाज आला नाही. रुळावर दांडा पडला की होतो तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. हा वेगळा होता. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. शाळेतल्या गुरुजींनी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं होतं, म्हणून त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मी तर बाहेर होतो.

अकोल्याच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, बाकीची वळायची थांबली. पोलीस आले. मामांनी पाचही नावं सांगितली. पण त्यांच्या बाजूनं बोलणारा कोणी नव्हता. मामींनी मला विचारलं, "तुले इचारलं का रे पोलिसाईनं? तू होता न थ्या टायमाले?" मी म्हणालो, "मामी, मी मागून पोहोचलो." मामा पलंगावर जागे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. पोलिसांनाही मी तेच सांगितलं. माझी नोकरीची यादी लागायची होती. कोर्टकचेरीत नाव आलं तर नोकरी जाईल, असं मला कोणीतरी म्हणालं होतं आणि मला ते ऐकायचंच होतं.

यादीत नाव लागलं. आता मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. मामा निवृत्ती घेऊन रिठदला मुलीकडे राहायला गेले. शाळेत विजेची घंटी बसली. निघताना मामा माझ्याशी चांगलं बोलले. डाव्या हातानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हापिसात पाच मिन्टं आंधी नोको उठू बरं, तिथी पगार कापतेत." याहून त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात कळलं की साक्षीदाराअभावी त्या केसमधले पाचही जण सुटायच्या बेतात आहेत. तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. आजवर मी त्यांना जी पत्रं लिहिली ती पुस्तकी भाषेत लिहिली, कारण माझं शिक्षण दिसलं की ते खूश व्हायचे. हे तसं लिहवलं नाही.

"मामा,

पयला चोर मीच. तुमी म्हटलं होतं का पुरं काढ. मी पुरं काढलं, पन पुरं दाखवलं नाई. तुमचं कडवं कापलं, गल्लीचं कापलं, भाऊचं हासनं कापलं. गोटा तेवढा ठेवला. थे टाकनारा मी होतो हे तुमाले तवाच समजलं होतं, मले माईत हाये. तुमी नाव नाई घेतलं. अन् मी तीन पावलावर उभा राहून तुमचे बोटं जाताना पाह्यले. मामीले मागून आलो म्हनून सांगतलं, थेही खोटं.

हे तुमाले तोंडावर सांगाची माही हिंमत नाई झाली. म्हनून आंधी जिथी सांगाचं तिथी सांगून आलो. काल मंगरूळपीरले जाऊन वकिलाले भेटलो, मंग ठान्यात जबाब देल्ला. पुरा व्हिडिओही देल्ला, भाऊच्या हासन्यासगट. साहेब म्हने, आजवर कुठी होता? मी म्हटलं, लपून होतो. नोकरीचं काय व्हाचं थे होईन. तुमी याच्यात मले थांबवू नोका.

नक्कल सोबत धाडली हाये. ताईकडून वाचून घ्या. पयल्या पानावर निरा माहंच हाये, मी काय केलं थे. त्या पाच जनाईचे नावं दुसऱ्या पानावर हायेत. साहेब म्हने, उलटं लिही, आरोपी आंधी येतेत. मी म्हटलं, आमच्यात असंच लिवतेत.

तुमचा,
बाप्पू"