बंदराची शेवटची पायरी

माझा नवरा छातीभर पाण्यात उभा होता आणि बोलत नव्हता. डोळे उघडे, तोंड उघडं, एक हात कोपरापर्यंत होडीच्या साखळीत अडकलेला. पाऊस डोळ्यांत पडत होता तरी पापणी हलत नव्हती. त्याच्या शेजारी माझा धाकटा दीर. भावाला ओढायला त्याने उडी टाकली, दंडाला हात घातला आणि तोही तसाच ताठ झाला. बुडणारा माणूस हातपाय मारतो, पाणी उडवतो. हे दोघे रोवलेल्या मेढींसारखे उभे होते आणि भोवतालचं पाणी शांत होतं.

सासू माझ्या पुढे पायऱ्या उतरत होती. तिच्या हातात सूप होतं, सुपात नारळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या.

"आसरांनी धरलान," ती म्हणाली. "वटी दिल्याबिगर सोडनार न्हाय."

आमच्या भिवंडीच्या खाडीवरचं हे बंदर म्हणजे दगडाच्या दहा-बारा पायऱ्या, बांधलेल्या चार होड्या आणि एक लोखंडी खांब. रेतीचा धंदा पावसाळ्यात बंद असतो, होड्या नुसत्या उभ्या असतात. काठाला लागून लूमचा कारखाना होता. बंदराच्या मालकाने तिथून वायर ओढून खांबावर दिवा लावला होता. होड्यांच्या साखळ्या त्याच खांबाला गुंडाळायच्या. दुसरं बांधायला तिथे काही नव्हतं.

आम्ही बायका लावणीहून परत येताना त्या पायऱ्यांवर पायाचा चिखल धुवायचो. त्या वर्षी पाण्यात पाय घातला की मुंग्या यायला लागल्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आतून कोणी बारीक सुया फिरवतंय असं वाटे. पाय बाहेर काढला की बंद. दुपारी काही नाही, ओहोटीला काही नाही. भरती आणि तिन्हीसांज एका वेळेला आली की हमखास. आमच्याबरोबर शेतावर येणारी कुत्री वरच्या पायरीवर बसून राही, पाण्याला तोंड लावत नसे. सकाळी शेवटच्या पायरीपाशी बोईट मासे पोट वर करून पडलेले दिसत. ते कोणी खाल्ले नाहीत.

पाण्यातल्या साती आसरा तिन्हीसांजेला येतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. त्यामुळे कोणाला कोडं पडलंच नाही. मुंग्या आल्या की बाई हात जोडायची. लावणी संपली की घरटी एक ओटी द्यायची आणि ती पाण्यात उभं राहूनच द्यायची, कोरड्या पायांनी दिलेली चालत नाही. शेजारच्या घरची ओटी दिली तेव्हा मीही पाण्यात उभी होते. पाय थरथरत होते, तेव्हा बरं वाटलं होतं, की देवी आली.

मग त्या पायरीवर एकाची बकरी मेली. मालकाने वीजखात्याचा तपासणीवाला आणवला. तो भर दुपारी आला. ओहोटी होती, पायऱ्या उघड्या, दिवा बंद. त्याने खांबाला टेस्टर लावला, दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाला आणि चहा प्यायला. सासूने त्याला सांगितलं की ही जागा तिन्हीसांजेला जागी होते, तेव्हा ये.

"आजी, मग आसरांच्या नावाने मीटर बसवू," तो म्हणाला.

माझा दीर पायरीवर बसून विडी ओढत होता. "बसवा," तो म्हणाला. "रीडिंग घ्याला आमची आय उतरल. तिला वलखतान त्या."

सगळे हसले, सासूसुद्धा.

दोघे भाऊ पाण्यात अडकले त्या दिवशी आमच्या घरची ओटी होती. होडीत पावसाचं पाणी साचलं होतं, ते उपसायला दोघे भाऊ बरोबर आले. दुपार होती, पण आभाळ इतकं भरलं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता. भरती वर चढत होती. खांबावरचा दिवा लागलेला होता. मी तो पाहिला, आणि आज लवकर लावला एवढंच मनात आलं. होडी जवळ ओढायला नवरा साखळी धरून पाण्यात उतरला.

सासूचा पाय पाण्यावर होता तेव्हा वरून कारखान्याच्या वॉचमनचा आवाज आला. दिवा लावणारा तोच. मशिनला चिकटलेला माणूस त्याने एकदा पाहिला होता.

"बहू, बुढिया को पकड. पानी में करंट है."

एवढं बोलून तो आत पळाला. मी सासूला मागून कमरेला धरलं. ती माझ्या हाताला चावली. सूप पाण्यात पडलं, नारळ तरंगत नवऱ्याच्या छातीला लागला आणि तिथेच थांबला. दोघेही आमच्याकडे बघत होते. त्यांना आम्ही दिसत होतो की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

दिवा विझला. लूमची खटखट बंद पडली. नवऱ्याची मान खाली पडली, पण साखळीत अडकलेल्या हाताने त्याला वर धरून ठेवलं. दिराला धरायला काही नव्हतं. तो उभ्याउभ्याच खाली गेला, बुडबुडाही आला नाही.

रेती काढणाऱ्या डुबीवाल्यांनी त्याला शोधून काढलं.

नंतर दुसरे साहेब आले. त्यांनी भरतीला दिवा लावून तपासलं. साखळीच्या घासण्याने खांबाच्या बुडाशी वायरचं रबर गेलं होतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं आणि गोड्या पाण्यात करंट माणसाला जास्त धरतो, असं त्यांनी सांगितलं. दिवा काढला. मुंग्या परत कोणाला आल्या नाहीत. सासू ओटी देत राहिली, पण वरच्या पायरीवरून, कोरड्या पायांनी.

पाण्यात दोघे उतरले होते. माझा नवरा वाचला.