'आणि महिला'

गेल्या शनिवारी उल्हासनगरच्या आमच्या फोटोच्या दुकानात मी स्वतःवर भलताच खूश होतो... आठवडाभर रडवणारं काम अखेर हातावेगळं झालं होतं.

काम अंबरनाथच्या गायकवाड काकांचं. कंपनीतून रिटायर झालेले, शांत माणूस. त्यांच्या वस्तीनं तीसेक वर्षांपूर्वी श्रमदान करून विहार बांधला, त्याचे एकशे चाळीस फोटो स्कॅन करून पेनड्राइव्ह बनवायचे होते. रविवारी विहारात ते सगळ्यांना वाटणार होते.

प्रत्येक फोटोच्या मागे काकांनी सुरेख अक्षरात नावं लिहिली होती. "फोटो कॉम्प्युटरमध्ये गेला की मागची बाजू कुठं जाणार?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, नावं फाइलच्या आतच लिहितो, फोटो जाईल तिथं नावं जातील.

बोलून बसलो खरा... पण एकेक फाइल शंभर एमबीची आणि आमचा पीसी जुना. फोटो उघडा, एक ओळ टाईप करा, सेव्ह करा, तोवर चहा पिऊन होतो. आमचे सिंधी शेठ वैतागले. "साईं, एक लाइन के वास्ते पूरा फोटो कायको खोलता है?"

गंमत म्हणजे शेठचंच बरोबर निघालं! नेटवर एक छोटा प्रोग्राम सापडला. तो चित्राला हातच लावत नाही, फाइलमधली माहिती तेवढी बदलतो. नावांची यादी टाईप करून दिली आणि सगळे फोटो पाच मिनिटांत झाले.

शनिवारी काका बघायला आले, सोबत काकू. मी ऐटीत वाचून दाखवू लागलो... 'डावीकडून साळवे, जाधव, मोरे आणि महिला.' पुढचा फोटो, 'स्लॅबच्या दिवशी कांबळे, साळवे आणि महिला.'

काकूंनी मला थांबवलं. "महिला म्हंजे कोन रे? त्यांना नावं नाय का?"

काकू स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागल्या. "ही सोनाबाई. ही शिरगावची शांता, डोक्यावर घमेलं नि पोटात पोरगी. ही पारू, वाळू चाळून हात फुटलेले तिचे."

त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. पेनड्राइव्ह तसेच गेले असते तर त्या कायमच्या 'आणि महिला' राहिल्या असत्या... मला माझीच लाज वाटली. आठवडाभर तेच दोन शब्द टाईप करत होतो, एकदाही अडखळलो नाही.

जुन्या पद्धतीनं काम असतं तर मी सरळ हात जोडले असते. आता फक्त यादीत नावं वाढवायची होती. अख्खी दुपार गेली, पण शेठनं हूं की चूं केलं नाही, उलट चहा मागवला.

शेवटी एकच राहिली. पायरीवर उभी राहून विटा वर देणारी, चेहरा अर्धाच दिसत होता. "ऱ्हाऊ दे ती," काकू म्हणाल्या.

काकांनी मूळ फोटो उलटा केला आणि खिशातलं पेन काढलं. 'आणि महिला'वर रेघ मारली आणि त्याच सुरेख अक्षरात लिहिलं, 'माझी पत्नी द्रौपदी गायकवाड'. मग फोटो माझ्यापुढे सरकवला.

मी ते टाईप केलं. काकूंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

ते दोघं गेल्यावर मी सहज फाइलची साइज बघितली. शंभर एमबीच्या फोटोत एवढी नावं घातली, तरी आकडा जागचा हलला नव्हता... इतकीशीच जागा लागत होती त्यांना.